बिनमास्तरांचे स्टेशन
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठाची रूपरेषा)

रेल्वे स्थानक म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढऱ्या पोशाखातील स्टेशनमास्तर, तिकिटाची जाळीदार खिडकी, हिरवा व तांबडा बावटा, वजनकाटा, हमाल आणि गाडी येण्यापूर्वी वाजणारी घंटा. हे चित्र खोटे नाही. परंतु ते सर्व स्थानकांचे नाही. ज्या स्थानकावर रेल्वेचा एकही माणूस नाही, तिकिटाची खिडकी नाही, कचेरी नाही आणि तरीही दिवसभर गाड्या नेमून दिलेल्या वेळी थांबतात, अशी असंख्य स्थानके जगात आहेत. माणूस नसलेले स्थानक चालते कसे, हा प्रश्न मुलांना सहज पडण्यासारखा आहे. त्याचे उत्तर नीट शोधू गेल्यास रेल्वेविषयीच नव्हे, तर कोणत्याही सार्वजनिक सेवेविषयी एक मोलाची गोष्ट हाती लागते.

पाठाचा हेतू

रेल्वे ही केवळ रूळ, इंजिन आणि डबे यांची बनलेली नसून ती वाटून घेतलेल्या कामांची बनलेली असते, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा मुख्य हेतू आहे. स्थानकावरून माणूस उठला म्हणजे त्याचे काम संपत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी जाते. ते कोणाकडे गेले, आणि एखादे काम कोणाकडेच गेले नाही असे तर झाले नाही ना, एवढे विचारण्याची सवय मुलांना लागली तरी पाठ सफल झाला असे समजावे.

उदाहरणादाखल लंडन शहराच्या पश्चिम भागातील ग्रीनफर्ड शाखामार्ग घेतला आहे. हा मार्ग अवघा चार किलोमीटर लांबीचा असून त्यावर केवळ पाच स्थानके आहेत. त्यामुळे तो फळ्यावर एका रेघेत काढून दाखविता येतो.

फळ्यावरील नकाशा

शिक्षकाने फळ्यावर एक उभी रेघ ओढावी व तिच्यावर पाच ठिपके द्यावेत. तळाच्या ठिपक्यापाशी वेस्ट ईलिंग असे लिहावे. हे स्थानक पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावर आहे. त्यावरील ठिपक्यांना क्रमाने ड्रेटन ग्रीन, कॅसल बार पार्क आणि साउथ ग्रीनफर्ड अशी नावे द्यावीत. सर्वांत वरचा ठिपका ग्रीनफर्डचा. तेथे लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन येऊन मिळते.

आता दोन टोकांच्या ठिपक्यांभोवती वर्तुळे काढावीत. या दोन्ही स्थानकांवर कर्मचारी असतात. मधले तीन ठिपके तसेच मोकळे ठेवावेत; तेथे कोणीही नसते. गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण बारा मिनिटांत पोहोचते. म्हणजे माणूस असलेल्या एका स्थानकापासून माणूस असलेल्या दुसऱ्या स्थानकापर्यंतचे अंतर बारा मिनिटांचे. पण मधल्या फलाटावर एकट्याने उभ्या असलेल्या प्रवाशाला ते अंतर किती वाटत असेल, हे मुलांना सांगण्याऐवजी त्यांनाच विचारावे.

या तीन स्थानकांचे वर्णन थोडक्यात असे करता येईल : दोन रूळमार्ग, त्यांच्या दोन्ही अंगांस आखूड फलाट, उन्हापावसापासून आसरा देणारी लहानशी शेड, बाकडे, दिवे, वेळापत्रकाचा फलक आणि प्रवाशाने आपले कार्ड टेकविण्याचे यंत्र. साउथ ग्रीनफर्डच्या अगदी लगत वेस्टर्न ॲव्हेन्यू हा मोटारींनी गजबजलेला हमरस्ता आहे. शेजारून हजारो वाहने धावत असताना हे स्थानक मात्र लंडनमधील सर्वांत कमी वापरल्या जाणाऱ्या स्थानकांपैकी एक म्हणून बराच काळ ओळखले गेले.

हॉल्टचा जन्म

ही स्थानके पूर्वी गजबजलेली होती आणि पुढे उजाड झाली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ती जन्मतःच लहान आणि साधी होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या उपनगरांत विजेच्या ट्रॅमगाड्या सुरू झाल्या. १९०१ मध्ये ईलिंगच्या रस्त्यावरून अशी ट्रॅम धावू लागली. ट्रॅम कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत असे. आगगाडीसाठी दूरच्या स्थानकापर्यंत चालत जावे लागे. साहजिकच जवळच्या प्रवासासाठी लोक ट्रॅमकडे वळू लागले. मोठी इमारत, मास्तर, कारकून व हमाल यांसह नवी स्थानके ठिकठिकाणी बांधावीत, तर तुटपुंज्या उतारूंच्या तिकिटांतून तो खर्च कधीच भरून निघाला नसता.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने यावर एक उपाय योजिला. त्या कंपनीने १२ ऑक्टोबर १९०३ रोजी ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड खोऱ्यात वाफेची रेलमोटार सुरू केली. रेलमोटार म्हणजे एकच डबा. त्याच्या एका टोकाला लहानसे वाफेचे इंजिन बसविलेले आणि दोन्ही टोकांना चालकाची जागा. त्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याची यातायात उरली नाही. डब्याला दुमडता येणाऱ्या पायऱ्या असत. फलाट अगदी ठेंगणा असला तरी उतारूंना चढता-उतरता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिकिटे गाडीतील गार्डच देत असे.

अशा गाडीसाठी स्थानकाची गरजच मुळी कमी झाली. लाकडी फलाट, एक दिवा व नावाची पाटी एवढ्यावर भागू लागले. अशा थांब्याला ‘हॉल्ट’ म्हणू लागले. कॅसल बार पार्क हा हॉल्ट १ मे १९०४ रोजी उघडला, ड्रेटन ग्रीन १ मार्च १९०५ रोजी, तर साउथ ग्रीनफर्ड बऱ्याच उशिरा, २० सप्टेंबर १९२६ रोजी. नावापुढील ‘हॉल्ट’ हा शब्द पुढे १९६९ मध्ये गळाला; स्थानकांचे स्वरूप मात्र फारसे बदलले नाही.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबून एक गोष्ट स्पष्ट करावी. हॉल्टवर माणूस नव्हता, पण प्रवाशाला माणूस भेटतच नव्हता असे नाही. तो गाडीबरोबर येत होता. स्थानकावरचे काम चाकांवर बसविले गेले होते, एवढेच. त्या काळची एक रेलमोटार, क्रमांक ९३ ची, दुरुस्त करून २०११ मध्ये पुन्हा वाफेवर चालविण्यात आली. डिडकट येथील रेल्वे संग्रहालयात ती जतन केलेली आहे.

टिकलेली व गेलेली स्थानके

सर्वच हॉल्ट टिकले असे नाही. कॅसल बार पार्कबरोबर एकाच दिवशी उघडलेला पेरिव्हेल हॉल्ट १९४७ मध्ये बंद झाला, कारण त्याच वर्षी ३० जून रोजी सेंट्रल लाइन ग्रीनफर्डपर्यंत आली आणि पेरिव्हेलला तिचे स्वतंत्र स्थानक मिळाले. तेथे प्रवाशांची गैरसोय झाली नाही. इतरत्र मात्र तसे घडले नाही. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी आपल्या प्रसिद्ध अहवालात २,३६३ स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस केली आणि त्यांतील बहुसंख्य पुढे खरोखरीच बंद पडले.

अशा वेळी कित्येक मार्गांवर जुन्या रेलमोटारीचीच युक्ती पुन्हा उपयोगी पडली. स्थानकावरील माणसे काढून घ्यावीत, तिकिटे गार्डने गाडीत द्यावीत आणि वाचलेल्या खर्चावर गाडी चालू ठेवावी, असा मार्ग १९६० नंतरच्या दशकात पूर्व इंग्लंडमध्ये अवलंबिला गेला व तो इतरत्र पसरला. माणूस गेला म्हणून स्थानक वाचले, असे म्हणावे लागेल अशी ही परिस्थिती होती. बिनमास्तरांच्या स्टेशनाकडे केवळ दयेने किंवा केवळ रागाने पाहणे योग्य का नाही, ते यावरून समजते.

कामांची वाटणी

आता पाठाचा गाभा. शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात ‘पूर्वीचे मास्तर करीत ते काम’ आणि दुसऱ्यात ‘आता कोण करते’ असे लिहावे. पहिला रकाना मुलांकडूनच भरून घ्यावा. दुसऱ्यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल.

तिकीट देणे. २ जानेवारी २०१० पासून लंडनमधील जवळजवळ सर्व रेल्वेमार्गांवर ऑयस्टर कार्डातून परस्पर भाडे देण्याची सोय झाली. प्रवासी चढताना यंत्राला कार्ड टेकवितो व उतरल्यावर पुन्हा टेकवितो. दोन ठिकाणांवरून भाडे ठरते. मधल्या तीन स्थानकांवर फाटक नाही. कार्ड न टेकविताही आत जाता येते. म्हणजे येथे द्वारपालाचे काम प्रवाशाच्या सचोटीकडे सोपविले आहे. त्याचबरोबर विसराळूपणाला दंडही आहे : एकदाच कार्ड टेकविले तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. मास्तरांना ‘विसरलो’ असे सांगता येत असे. यंत्राला ते त्या जागी सांगता येत नाही.

गाडीला वाट देणे. हे काम हॉल्टवर कधीच नव्हते. रुळांवरील गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचे काम सिग्नलकेबिनमधील माणसाचे. ग्रीनफर्ड येथील केबिनमधून तारा ओढून हात खाली-वर होणारे जुन्या पद्धतीचे सिग्नल एकविसाव्या शतकातही हलविले जात होते. लंडनसारख्या शहरात असे सिग्नल इतरत्र जवळजवळ नाहीसे झाले होते. तेव्हा स्थानक निर्मनुष्य असले तरी मार्ग निर्मनुष्य नाही, हे मुलांना सांगावे.

माहिती देणे. गाडी उशिरा येणार असल्यास ते फलकावर किंवा ध्वनिक्षेपकावरून कळते. ही सूचना दूरच्या कचेरीतून येते. कळ दाबली असता दूरच्या कर्मचाऱ्याशी बोलता येईल अशी मदतयंत्रे अशा स्थानकांवर बसविलेली असतात.

राखण करणे. हे काम कॅमेऱ्यांकडे आले आहे. परंतु कॅमेरा पाहतो. तो धावून येत नाही. हा भेद वयाने लहान मुलांनाही चटकन कळतो.

सेवा म्हणजे काय?

स्थानकाची सेवा इमारतीवरून मोजावयाची नसते. गाडी किती वेळा येते, कोठपर्यंत नेते व कोणकोणत्या दिवशी येते, यांवरून ती मोजावी. ग्रीनफर्ड शाखेवर दोन डब्यांची डिझेलगाडी ये-जा करीत आली. मधल्या स्थानकांचे फलाट आखूड असल्याने लांब गाडी तेथे चालविणे सोयीचे नव्हते. सोमवार ते शनिवार साधारण दर अर्ध्या तासाला एक गाडी आणि रविवारी गाडी नाही, असा क्रम तेथे अनेक वर्षे राहिला.

पूर्वी ही गाडी थेट पॅडिंग्टनपर्यंत जात असे. एलिझाबेथ लाइन या नव्या मार्गाच्या गाड्यांसाठी मुख्य रुळांवर जागा हवी होती. म्हणून सप्टेंबर २०१६ पासून शाखेची गाडी वेस्ट ईलिंगलाच थांबू लागली. तेथे तिच्यासाठी स्वतंत्र फलाट बांधला गेला. एलिझाबेथ लाइनचा शहराखालचा भाग २४ मे २०२२ रोजी सुरू झाला आणि वेस्ट ईलिंगहून पुढे जाण्याची सोय पुष्कळच वाढली. तथापि कॅसल बार पार्कच्या प्रवाशाला आता गाडी बदलावी लागते. मोठ्या गाडीला दोन मिनिटे उशीर झाला आणि शाखेची गाडी सुटून गेली, तर पुढील गाडीसाठी त्याचा अर्धा तास जातो. दोन मिनिटांचे तीस मिनिटे कसे होतात, हे गणिताच्या तासालाही घेण्यासारखे उदाहरण आहे.

याच शाखेच्या वरच्या टोकाचे ग्रीनफर्ड स्थानक पाहावे. तेथील फलाट उंचावर आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेवरील शेवटचा लाकडी सरकता जिना येथेच होता. तो २०१४ मध्ये काढण्यात आला आणि २०१५ मध्ये तेथे तिरप्या मार्गाने वर जाणारा पाळणा बसविण्यात आला. चाकांच्या खुर्चीतील प्रवाशाला त्याने वर जाता येते आणि अडचण आल्यास तेथे माणूसही असतो. ही सोय व मधल्या स्थानकांवरील शांत फलाट एकमेकांपासून अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. एकाच मार्गावर दोन प्रकारची सेवा असू शकते.

कोणाकडेच न गेलेले काम

वाटणी करताना एखादे काम सुटून जाते. ते सुटल्याचे दृष्टी असलेल्या, पायांनी धड, त्या भागात रोज वावरणाऱ्या माणसाला कळतही नाही. ते कळते ज्याला त्याची गरज आहे त्यालाच.

२६ फेब्रुवारी २०२० च्या सायंकाळी दक्षिण लंडनमधील ईडन पार्क या उपनगरी स्थानकावर दृष्टी मंद असलेला एक प्रवासी फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडला आणि आलेल्या गाडीखाली सापडून मरण पावला. रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी शाखेने २०२१ मध्ये अहवाल दिला. फलाटाच्या कडेला पायांना जाणवणाऱ्या उंचवट्यांची पट्टी नव्हती, हे त्यात नमूद आहे. त्यानंतर ब्रिटनमधील सर्व फलाटांवर अशी पट्टी बसविण्याच्या कामाला वेग देण्यात आला.

ही पट्टी दिसावयास अगदी क्षुल्लक वस्तू आहे. जपानमधील सेइइची मियाके यांनी ती शोधून काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातील अंधशाळेजवळील रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. आज मुंबईच्या फलाटांवरही कडेला पिवळी, उंचवट्यांची पट्टी दिसते. अनेकांना ती शोभेची वाटते. वास्तविक ‘पुढे जाऊ नका’ असे सांगणाऱ्या माणसाचे काम ती करते. दिवसा, रात्री, कोणी पाहत असो वा नसो. ती नसली, तर ते काम कोणीच करीत नाही.

दुसरे उदाहरण २०२३ चे. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांनी त्या वर्षी जुलैमध्ये बहुतेक तिकीट-कचेऱ्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. बहुसंख्य लोक तिकिटे यंत्रातून किंवा मोबाइलवरून घेतात, सबब खिडक्यांची गरज उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे निराधार नव्हते. परंतु लोकांची मते मागविली, तेव्हा सुमारे साडेसात लाख उत्तरे आली. अंध, अपंग व वृद्ध प्रवाशांच्या संस्थांनी दाखवून दिले की खिडकीमागचा माणूस केवळ तिकीट देत नाही. तो वाट दाखवितो, गाडीत चढण्यास मदत करतो आणि तो तेथे आहे एवढ्यानेच धीर येतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रस्ताव मागे घेण्यात आला. ज्या कामाला वहीत नाव नव्हते त्या कामाचे मोल लोकांनी लिहून कळविले, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

महाराष्ट्रातील हॉल्ट

‘हॉल्ट’ हा शब्द महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही रुळलेला आहे. भारतीय रेल्वेत जी स्थानके गाड्यांना वाट देण्याच्या कामात भाग घेत नाहीत, त्यांना ‘ड’ वर्गाची स्थानके म्हणतात. हॉल्ट त्यांतच मोडतात. तेथे सिग्नल नसतात, गाड्यांचे क्रॉसिंग होत नाही. वेळापत्रकात थांबा आहे म्हणून चालक गाडी उभी करतो व पुढे नेतो.

परंतु ब्रिटनमधील हॉल्टहून येथील पुष्कळ हॉल्ट एका बाबतीत निराळे आहेत. तेथे तिकिटे विकण्याचे काम त्याच भागातील एखाद्या व्यक्तीकडे दिलेले असते. ती रेल्वेची नोकर नसते. विकलेल्या तिकिटांवर तिला दलाली मिळते. एकाच प्रश्नाला दोन देशांनी दोन उत्तरे दिली : एकाने काम गाडीतील गार्डकडे व पुढे यंत्राकडे दिले, दुसऱ्याने ते गावातल्या माणसाकडे दिले. कोणते उत्तर श्रेष्ठ हे ठरविण्याची घाई मुलांना करू देऊ नये. प्रत्येकात कोणती सोय व कोणती उणीव आहे ते त्यांच्याकडून काढून घ्यावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. रेलमोटारीमुळे लहान स्थानके बांधणे का परवडू लागले?
२. ग्रीनफर्ड शाखेवरील कोणत्या स्थानकांवर कर्मचारी असतात? कोणत्या नसतात?
३. फाटक नसतानाही प्रवासी कार्ड का टेकवीत असतील? दोन कारणे सांगा.
४. कॅमेरा व पहारेकरी यांच्यात फरक कोणता?
५. दर अर्ध्या तासाने गाडी असलेल्या मार्गावर दोन मिनिटांचा उशीर केव्हा महाग पडतो?

उपक्रम

जवळ हॉल्ट अथवा एस.टी.चा थांबा असल्यास शिक्षकांनी मुलांना बरोबर घेऊन तेथे एक फेरी करावी. मुलांना एकटे पाठवू नये आणि रुळांपासून दूर उभे करावे. प्रत्येक गटाला एक प्रवासी नेमून द्यावा : डोळ्यांनी न दिसणारा मनुष्य, तान्हे मूल घेतलेली आई, अक्षरओळख नसलेले आजोबा, प्रथमच गावी आलेला पाहुणा, रात्रीच्या गाडीने उतरणारी परिचारिका. त्या प्रवाशाला तेथे कशाकशाची गरज लागेल आणि ती कोण भागवील, याची नोंद गटाने करावी. ज्या गरजेपुढे कोणाचेच नाव लिहिता येणार नाही, तिच्याखाली रेघ ओढावी. परत आल्यावर सर्व गटांच्या रेघा फळ्यावर एकत्र कराव्यात, आणि त्यांतील एखाद्या गरजेविषयी ग्रामपंचायतीस किंवा संबंधित कचेरीस मुलांनी स्वतःच्या शब्दांत एक लहानसे पत्र लिहावे.

समारोप

कॅसल बार पार्कच्या फलाटावर १९०४ साली मास्तर नव्हते आणि आजही नाहीत. तरीही शंभराहून अधिक वर्षे तेथे गाडी थांबत आली, ती अनेक ठिकाणी बसलेल्या अनेक माणसांनी आपापले काम केल्यामुळे. बिनमास्तरांचे स्टेशन म्हणजे बेवारस स्टेशन नव्हे. ते बेवारस होते, ते त्याचे एखादे काम कोणाकडे आहे हे विचारणारा कोणी उरत नाही तेव्हा. हा प्रश्न विचारणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गातून बाहेर पडावा.